पुराला पावणेचार वर्षे झाली. आता थेरपीला जाण्यात काही अर्थ आहे का?

माळ्यावरची
१२ एप्रिल २०२५, रात्री ११:५०

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेमागच्या आमच्या घरात शिरले, तेव्हा घरात सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि मी अशा तिघीच होतो. यजमान कामासाठी पुण्यात होते. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत आम्ही तांदळाचे डबे आणि सासऱ्यांच्या पोथ्या वर चढवत होतो. कमरेला लागल्यावर स्वतःच माळ्यावर चढलो. खाली अर्धा रिकामा गॅस सिलिंडर सुटून तरंगू लागला आणि पाणी वाढत गेले तसा तो माळ्याच्या फळ्यांना खालून धडका देऊ लागला. दिवसभर आणि पुढची जवळजवळ सगळी रात्र तो आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कौले काढून आम्हाला होडीत घेतले.

आमच्या घरातले कोणी दगावले नाही, हे आधीच सांगते. सामान गेले, पण ते सगळ्या चिपळूणचेच गेले. त्यानंतर आम्ही उंचावर भाड्याने राहायला आलो. मात्र अजूनही दारावर कोणी टकटक केली की माझ्या हातातले भांडे खाली पडते. पावसाळ्यात मी रात्रीची झोपत नाही. कोळकेवाडी धरणातून किती पाणी सोडले याचे निरोप दर अर्ध्या तासाने मोबाइलवर पाहत बसते. जुन्या गल्लीत मी तेव्हापासून पाऊल ठेवलेले नाही. मुलीवर विनाकारण ओरडते. यजमान म्हणतात, "सगळ्या गावाचे झाले ते तुझे झाले, तुलाच एवढे काय?" त्यांचे म्हणणे खोटे नाही, म्हणूनच जास्त लागते.

एका मैत्रिणीने थेरपीचे सुचवले आहे. इतक्या उशिरा जाण्यात अर्थ असतो का? तिथे नेमके काय करतात? नुसते बोलायचेच असेल तर मी सासूबाईंशी बोलतेच. आणि ते सगळे पुन्हा आठवायला लावणार असतील, तर मला ते झेपेल का?

सडेतोड_सदाशिव
१३ एप्रिल, सकाळी ७:१०

ताई, तुमच्यावर ओढवलेला प्रसंग वाईट होता याबद्दल दुमत नाही. तरीही स्पष्ट लिहितो. आपल्या आधीच्या पिढ्यांनी प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिले, पानशेत पाहिले, आणि त्यांपैकी कोणीही तासाला पैसे मोजून परक्या माणसासमोर रडायला गेले नव्हते. काळ हेच औषध आहे. कामात मन गुंतवा, सकाळी लवकर उठा, रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. हे सगळे फुकट होते.

औशाचा
१३ एप्रिल, सकाळी ९:३५

सदाशिवकाका, आमच्या घरातला काळ या औषधाचा अनुभव सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. आजोबा बाहेर बैलांजवळ झोपले होते म्हणून वाचले; आजी आणि धाकटी आत्या आत होत्या. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे, हे आमच्याकडच्या घरांचे रूप होते आणि तेच माणसांच्या अंगावर आले. पुढे पुनर्वसनात पक्की घरे मिळाली. आजोबांनी त्या घराला लागून पत्र्याची शेड ठोकली आणि अखेरपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ते शेडमध्येच झोपले. ते काही एकटे नव्हते. नव्या गावांत अशा शेड घरोघरी दिसत. ऐन थंडीत आम्ही नातवंडे त्यांना आत बोलवायचो, तेव्हा ते म्हणायचे, "मला आतली हवा मानवत नाही." ते शेती करत होते, बाजाराला जात होते, वारीला जात होते. कामात मन गुंतवण्याबाबत त्यांनी काहीही कसूर केली नव्हती.

फुकट होते म्हणता, पण बावीस हिवाळे माणूस छताखाली झोपला नाही, याची किंमत कोणत्या खात्यात लिहायची?

दवाखान्याबाहेर
१३ एप्रिल, दुपारी २:२०

मी पुण्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. इथून निदान करता येत नाही आणि करूही नये, त्यामुळे जे लिहिते ते सर्वसाधारण समजावे.

माळ्यावरची यांचा पहिला प्रश्न उशिराचा आहे. उशीर झाला असे काही नसते. आघातानंतर दहा, वीस, तीस वर्षांनी आलेल्या माणसांनाही या उपचारांचा उपयोग होतो. उलट घटनेनंतरचे पहिले काही आठवडे झोप उडणे, दचकणे, तेच तेच डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते आपोआप ओसरते. एवढ्यापुरते सदाशिवकाकांचे म्हणणे मला मान्य आहे. महिन्याहून अधिक काळ ते तसेच राहिले आणि घर, काम, नाती यांत अडथळा येऊ लागला, तर आम्ही पीटीएसडीचा, म्हणजे आघातोत्तर तणाव विकाराचा, विचार करतो. त्यात चार गोष्टी पाहतो: प्रसंग नकळत परत परत अंगावर येणे, त्याची आठवण करून देणारे सगळे टाळणे, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडणे, त्यातच अपराधी वाटणेही आले, आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणे. हे निदान वर्गीकरणात आले १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या निमित्ताने. माणसांना हे होतच नव्हते असे मात्र नव्हे.

सासूबाईंशी बोलणे आणि थेरपी यांतला फरक मी सरकारी कार्यालयाच्या भाषेत सांगते. साध्या आठवणीची फाइल निकाली निघते आणि कपाटात जाते. आघाताच्या आठवणीवर तारखेचा शिक्काच पडलेला नसतो. म्हणून ती रोज नव्याने टेबलावर येते आणि शरीर समजते की प्रकरण आजचेच आहे. सासूबाईंशी बोलताना तुम्ही दोघी बहुधा त्या फाइलच्या मुखपृष्ठाबद्दल बोलता. "किती पाणी होते नाही!" असे म्हणता आणि उठून चहा ठेवता. आतली पाने दोघीही उघडत नाही, कारण दोघींनाही एकमेकींना जपायचे असते.

उपचारांत ही पाने ठरवून, बेताबेताने उघडली जातात. एका पद्धतीत माणूस डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगतो, त्याचे ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकतो आणि टाळलेल्या जागांकडे पायरीपायरीने जातो. याला साधारण ८ ते १५ सत्रे लागतात. दुसऱ्या पद्धतीत, जी साधारण १२ सत्रांची असते, भर प्रसंगाच्या तपशिलावर कमी आणि "माझ्यामुळेच झाले", "आता कुठेच सुरक्षित नाही" अशा अडकून बसलेल्या निष्कर्षांची उलटतपासणी करण्यावर जास्त असतो. तिसरी ईएमडीआर, जिच्यात आठवण मनात धरून डोळे एका लयीत डावीकडे-उजवीकडे फिरवतात. पहिल्या दोन पद्धती ज्या गटात येतात ते आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शनात केली आहे.

झेपेल का, याचे उत्तर असे की चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी तुम्हाला माळ्यावर नेत नाही. आधी झोप, घरातली परिस्थिती आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे तो विचारतो. मधली दोनतीन सत्रे जड जातात आणि त्या आठवड्यात स्वप्ने वाढूही शकतात. हे आधी सांगितले गेले नाही, तर माणसे नेमकी तिथेच सोडून जातात.

आणि एक विचारते, मुलगी कशी आहे?

बोरिवली_फास्ट
१३ एप्रिल, रात्री ९:०५

११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांपैकी एका गाडीत मी शेजारच्या डब्यात होतो. मला खरचटलेसुद्धा नव्हते, म्हणून "आपल्याला काय झाले आहे?" हा प्रश्न मीही स्वतःला नऊ वर्षे विचारला. त्या नऊ वर्षांत मी फर्स्ट क्लासमध्ये चढलो नाही, दाराजवळची जागा सोडली नाही, आणि रॅकवर बेवारस पिशवी दिसली की पुढच्या स्थानकावर उतरून दुसरी गाडी धरत असे. कार्यालयात मला "उशिरा येणारे" असे नाव पडले होते.

पहिल्यांदा गेलो तो अनुभव वाईट होता, आणि तोही सांगायला हवा. त्या समुपदेशकांनी अर्ध्या तासात मला सकारात्मक विचारांचे महत्त्व सांगितले, भिंतीवरच्या सूर्योदयाच्या चित्राकडे पाहून श्वास घ्यायला लावला आणि "तुम्ही वाचलात हे केवढे भाग्य!" असे म्हणून निरोप दिला. मी दीड वर्ष कोणाकडे फिरकलो नाही. नंतर एका मित्राच्या आग्रहाने ईएमडीआर करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी समोर दोन बोटे धरून ती इकडून तिकडे न्यायला सुरुवात केली, तेव्हा मला वाटले की आपण चुकून नेत्रतज्ज्ञाकडे आलो. चौथ्या सत्रात मला एकाएकी गाडीतला एक आवाज आठवला, जो मी पूर्ण विसरलो होतो: स्फोटानंतर सगळीकडे मोबाइल वाजत होते. खाली पडलेले. कोणी उचलत नव्हते. त्या दिवशी मी बाईंच्या खोलीत पाऊण तास रडलो आणि घरी येऊन दहा तास झोपलो.

आज मी फर्स्ट क्लासने जातो. पिशवी दिसली तर आधी शेजाऱ्याला विचारतो, "तुमची का?" बहुतेक वेळा त्याचीच असते.

कांदेपोहे
१३ एप्रिल, रात्री ९:४०

बोटाच्या इशाऱ्यावर डोळे फिरवण्याचा उपचार आमच्या घरी लग्नापासून चालू आहे. गुण अद्याप आलेला नाही.

गुहागरकर
१४ एप्रिल, सकाळी ८:१५

एक शंका आहे आणि ती थट्टेची नाही. बोरिवली_फास्ट यांच्या गाडीत पुन्हा स्फोट होण्याची शक्यता फार थोडी. चिपळूणचे तसे नाही. २६ जुलै २००५ ला पाणी आले, २०२१ ला आले, उद्याही येईल. नदी तीच, गाळ तोच, भरतीच्या वेळी पाणी तुंबते तेही तसेच. मग तिथे राहणाऱ्या माणसाची भीती घालवणे म्हणजे कुत्र्याचे भुंकणे बंद करून चोराला वाट मोकळी करण्यासारखे नाही का?

दुसरे, आमच्या आईलाही त्या पुरानंतर धसका बसला होता. ती ग्रामदेवतेकडे गेली, गुरवाने गाऱ्हाणे घातले, नारळ ठेवला, आणि त्या रात्रीपासून ती झोपू लागली. याला तुम्ही काय म्हणाल?

दवाखान्याबाहेर
१४ एप्रिल, दुपारी १:३०

गुहागरकर, पहिली शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे. भीती घालवायची नसतेच, तिला नदीवरच्या खुणांसारखी पातळी नेमून द्यायची असते. पुलावर इशारा पातळी वेगळी आणि धोका पातळी वेगळी आखलेली असते. आज या ताईंच्या मनात दोन्ही रेषा नदीच्या तळाशी आहेत, त्यामुळे जानेवारीत दारावर टकटक झाली तरी धोक्याचा भोंगा वाजतो. नदी खरोखर इशारा पातळीला पोचेल तेव्हा सामान वर चढवावे, मुलीला घेऊन निघावे. त्यासाठी लागणारी भीती त्यांच्याकडे उरलीच पाहिजे. गंमत अशी की सतत भोंगा वाजत असलेल्या माणसालाच खऱ्या वेळी हालचाल सुचत नाही.

तुमच्या आईंना झोप लागली याचा आनंद आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालताना माणूस आपली भीती मोठ्याने, सगळ्यांसमोर, शब्दांत मांडतो आणि भोवतीचे लोक ती खोटी ठरवत नाहीत. यात थोडेथोडके काही नाही. ते थांबवून माझ्याकडे या, असे मी कोणालाही सांगणार नाही. झोप आली नाही, तर मात्र दुसरा आणि तिसरा नारळ ठेवण्याआधी यावे.

शब्दकोडे
१४ एप्रिल, दुपारी ४:००

किंचित अवांतर. "आघातोत्तर तणाव विकार" हा शब्दप्रयोग ऐकूनच तणाव वाढतो. गुहागरकरांनी वापरलेला "धसका" हा शब्द पाहा. धसका घेतला जातो, बसतो, आणि एकदा बसला की उठत नाही. आजाराचे सगळे लक्षण क्रियापदातच आहे. "हाय खाल्ली" यातही माणूस आतून पोखरला गेल्याचे येते. आपल्या भाषेला हा आजार ठाऊक होता, फक्त त्यावर उपचार असतो हे तिला ठाऊक नव्हते.

सुभेदार_सातारा
१४ एप्रिल, रात्री ८:४५

मी २४ वर्षे फौजेत काढली. कुठे आणि काय पाहिले, ते इथे लिहीत नाही. निवृत्तीनंतर दिवाळीत मी गाव सोडून शेतातल्या वस्तीवर जाऊन राहत असे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शब्दकोडे यांना सांगतो की इंग्रजांकडेही शब्द होता. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेल्या जवानांच्या या अवस्थेला ते शेलशॉक म्हणत आणि १९१५ मध्ये त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. तरी बऱ्याच जवानांना भित्रे ठरवले गेले. आमच्या वेळी तसे कोणी तोंडावर म्हणत नसे, पण मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर बढती अडेल, या धास्तीने कोणी तोंड उघडत नसे.

माझे मत असे आहे की ज्याने ते पाहिले नाही, त्याला सांगून उपयोग नसतो. मला गुण आला तो माझ्यासारख्या पाच जणांच्या गटात, जिथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नव्हते. ताईंनी चिपळूणमधल्याच चार बायका गोळा कराव्यात.

बोरिवली_फास्ट
१४ एप्रिल, रात्री ९:२०

सुभेदारसाहेब, आदरपूर्वक असहमत. माझ्या थेरपिस्ट बाई त्या दिवशी मुंबईतसुद्धा नव्हत्या, आणि मला त्याचाच फायदा झाला. ज्यांनी पाहिले होते त्यांच्यासमोर मी सतत तुलना करत असे: त्याचा पाय गेला, माझे काहीच गेले नाही. बाईंसमोर तुलना करायला कोणी नव्हते.

तर्कट
१५ एप्रिल, सकाळी १०:१०

इथल्या लोकांची गोष्ट वेगळी आहे हे मान्य करून लिहितो. परंतु हल्ली परीक्षेत गुण कमी पडले तरी ट्रॉमा, साहेब ओरडला तरी ट्रॉमा. प्रत्येक दुर्घटनेनंतर समुपदेशकांची फौज पाठवून लोकांना "बोला, बोला" म्हणून कुरेदले जाते. यातून आजार शोधला जातो की तयार केला जातो?

दवाखान्याबाहेर
१५ एप्रिल, दुपारी ३:०५

तर्कट, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे कुरेदण्याच्या, पुराव्याचा आधार आहे. दुर्घटनेनंतर लगेच, सरसकट सगळ्यांना एकाच बैठकीत प्रसंग सविस्तर सांगायला लावण्याची एक पद्धत पूर्वी लोकप्रिय होती. तपासणीत तिचा पीटीएसडी टाळण्यासाठी उपयोग होत नसल्याचे दिसले आणि आता ती न करण्याची शिफारस आहे. त्या वेळी माणसाला कोरडे कपडे, गरम जेवण, नातेवाइकांचा ठावठिकाणा आणि ऐकणारा कान लागतो. कुरेदणे लागत नाही.

पण पावणेचार वर्षे जुनी गल्ली टाळणारी बाई आणि परीक्षेत गुण कमी पडलेला मुलगा यांना आपण एका ओळीत बसवू नये.

गोळीबार_नव्हे_गोळीवाला
१५ एप्रिल, रात्री १०:३०

माझे औषधांचे दुकान आहे. पुरानंतर कित्येक महिने लोक झोपेची गोळी मागायला येत आणि चिठ्ठी मागितली की शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी दाखवत. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी त्या रात्री झोप येते, सवयही लागते, आणि पीटीएसडीसाठी त्यांची शिफारस नाही. मानसोपचारतज्ज्ञ यासाठी सरट्रलीनसारखी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाला येईल तेव्हा बंद करायची नसतात. आमच्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण दहाव्या दिवशी येऊन "काही फरक नाही" म्हणतात. ताई, डॉक्टरांनी औषध सुचवले तर बिचकू नका. मात्र मैत्रिणीची गोळी घेऊ नका.

कोथरूडची
१६ एप्रिल, सकाळी ११:००

व्यवहाराचे कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. मी स्वतः गाडीच्या अपघातानंतर चौदा सत्रे घेतली आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. "समुपदेशक" अशी पाटी मात्र महिनाभराचा अभ्यासक्रम करूनही लावलेली आढळते. मी पहिल्याच फोनवर दोन प्रश्न विचारले होते: "आघातावरच्या उपचारांचे कोणते प्रशिक्षण तुम्ही घेतले आहे?" आणि "साधारण किती सत्रांनंतर आपण दोघे मिळून आढावा घ्यायचा?" एका ठिकाणी दुसऱ्या प्रश्नावर "ते सांगता येत नाही, तुम्ही येत राहा" असे उत्तर आले, तेव्हा मी फोन ठेवला.

मला सत्राला पंधराशे रुपये पडत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराप्रमाणेच वागणूक द्यायला सांगितले आहे. पण पॉलिसी सहसा रुग्णालयात दाखल झाल्याचाच खर्च देत असल्यामुळे माझी सत्रे माझ्याच खिशातून झाली. पैशांची अडचण असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आणि विनामूल्य आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला घाबरू नका, दाखल न होता बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे, तिथेही विचारून पाहावे.

रीडिंगचा_रव्या
१६ एप्रिल, दुपारी ४:४०

इंग्लंडात यासाठी सरकारी आरोग्यसेवेत स्वतःचे नाव स्वतःच नोंदवता येते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. मी नोंदवले आणि रांगेत थांबलो. इतका थांबलो की मधल्या काळात माझ्या आईने मिरजेहून मला फोनवर रोज रामरक्षा म्हणून दाखवली. दोन्हींचा उपयोग झाला. मात्र थेरपी इंग्रजीत असल्याने मला रडू यायचे नाही. रडायला मराठीच लागते हे मला तिथे कळले. म्हणून भाषा विचारून घ्या.

माळ्यावरची
१७ मे, रात्री १०:१५

उत्तर द्यायला महिना लागला, त्याबद्दल क्षमस्व. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले. कोथरूडची यांचे दोन प्रश्न एका कागदावर लिहून तिघांना फोन केले आणि पुण्याच्या एका मानसशास्त्रज्ञ बाई निवडल्या. दर शनिवारी ऑनलाइन सत्र असते. यजमान त्या वेळी मुलीला घेऊन बाहेर जातात. मी न सांगताच जातात, एवढे पुष्कळ आहे.

चार सत्रे झाली. तिसऱ्या सत्रात बाईंनी डोळे मिटून सांगायला लावले आणि मी सांगायला लागल्यावर कळले की इथे, या धाग्यावरही, एक गोष्ट मी लिहिलेली नव्हती.

त्या रात्री शेजारच्या आजी त्यांच्या घरातून मला हाका मारत होत्या. "अगो, दोर टाक गो." माळ्यावर कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. माझ्या उशाशीच होती. मुलगी माझ्या गळ्याला मिठी मारून होती आणि मी हललेसुद्धा नाही. ओ दिली नाही. थोड्या वेळाने हाका थांबल्या. मग फक्त सिलिंडर. आजी वाचल्या, कपाटावर बसून होत्या, सकाळी आमच्याच होडीत त्यांना घेतले. त्या माझ्याकडे बघून हसल्या. नंतर त्या मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. त्यांचे फोन येतात, अजूनही येतात, आणि मी ते उचलत नाही.

हे मी सासूबाईंशी कधीच बोलले नव्हते. त्या शेजारीच होत्या, त्यांनीही त्या हाका ऐकल्या असणार.

बाईंनी मला "तुमची काही चूक नव्हती" असे म्हटले नाही, आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांनी विचारले, दोरीची लांबी किती होती, दोन घरांत अंतर किती होते, अंधारात ती कुठे टाकली असती, मुलीला कोणाकडे दिले असते. मी कागदावर सगळे काढले. दोरी पोचली नसती. हे मला पावणेचार वर्षांत एकदाही मोजावेसे वाटले नव्हते.

सडेतोड_सदाशिव
१८ मे, सकाळी ६:५५

हे लिहिलेत ते बरे केलेत. मी पानशेतच्या वेळी अकरा वर्षांचा होतो. एवढेच लिहितो.

औशाचा
१८ मे, सकाळी ८:२०

काका, जेव्हा लिहावेसे वाटेल तेव्हा अवश्य लिहा. घाई नाही.

माळ्यावरची
२० जुलै, रात्री ११:३०

दहा सत्रे झाली. बाईंबरोबर टाळलेल्या गोष्टींची यादी केली होती आणि प्रत्येकीला शंभरपैकी भीतीचे गुण दिले होते. टेबलावर स्वतःच टकटक करणे ४०, पुलावर उभे राहून नदी पाहणे ६०, जुनी गल्ली ७५, रात्री मोबाइल न पाहता झोपणे ८०. पावसाआधी निम्मी यादी संपवायची असा आमचा बेत होता, पण यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि सगळे वेळापत्रक कोलमडले. मी सुट्टी मागितली. बाई म्हणाल्या, "उलट आता सरावाला खरे पाणी मिळाले."

टकटक आता १० वर आली आहे. ध्वनिमुद्रण रोज ऐकून ऐकून एक दिवस मला चक्क कंटाळा आला आणि मी ते ऐकता ऐकता पालेभाजी निवडली. गल्लीत तीनदा गेले. पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत, मग दारापर्यंत. भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, तिच्या खाली कोणीतरी सिमेंटच्या दुकानाची जाहिरात रंगवली आहे. विसर्गाचे निरोप मी आता रात्री दहाला एकदा पाहते आणि इशारा पातळी ओलांडली तरच उठते. मागच्या आठवड्यात एकदा उठले होते, सामान भरले होते, पाणी ओसरल्यावर परत काढून ठेवले. हात थरथरत नव्हते.

सगळे छान झाले असे मात्र नाही. मुलीवर ओरडणे कमी आहे, थांबलेले नाही. जूनमध्ये एक आठवडा इतका वाईट गेला की थेरपी सोडायचा मेसेज मी लिहून ठेवला होता. आणि यादीत सर्वांत वर डोंबिवलीचा फोन आहे, ९५. तो अजून केलेला नाही.

संगमेश्वरी
२१ जुलै, सकाळी ९:१०

ताई, तुमच्या बाई लहान मुलांनाही पाहतात का? माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी विचारते. आणि दवाखान्याबाहेर यांनी एप्रिलमध्ये तुमच्या मुलीबद्दल विचारले होते, ते राहूनच गेले.

माळ्यावरची
२१ जुलै, रात्री १०:००

त्या स्वतः मुलांना पाहत नाहीत, पण त्यांच्या एक सहकारी पाहतात. नंबर तुम्हाला निरोपात पाठवला आहे.

मुलीचे मी मुद्दामच टाळले होते. ती आता अकरा वर्षांची आहे. रात्री तिच्या उशाशी दप्तर असते, त्यात वह्या नसतात. टॉर्च, माझी एक ओढणी आणि बिस्किटांचा पुडा असतो. मी ते कधी शिकवले नाही, पण ती माझ्याकडूनच शिकली हे उघड आहे. परवा दुपारी तिने त्यातला पुडा फोडून मैत्रिणीबरोबर खाल्ला आणि नवा ठेवला नाही. टॉर्च अजून आहे. मी काही बोलले नाही.